एका नावाची दोन माणसे : नोंदींच्या जुळणीचा विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे मराठी शिकविले हे आपण सारे जाणताच. त्यांच्या कार्याचा एक भाग मात्र गौरवाच्या भाषणांत सहसा येत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर त्यांच्या हाती असे. ते मी गेल्या महिन्यात चाळले. एखादी नोंद दुरुस्त करावयाची झाल्यास ते मूळ शब्द खरवडून काढीत नसत. त्यावर एकच आडवी रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी. शेजारी नवा शब्द, तारीख, आधाराच्या कागदाचा उल्लेख आणि सही. आज मला जे सांगावयाचे आहे त्यातले बरेचसे त्या रेघेत आहे.

संगणकाचा विषय आणि मराठीचा निवृत्त प्राध्यापक यांची सांगड कशी बसली, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका पाहून काहींना पडला असेल. माजी विद्यार्थी संघाने शाळेची जुनी रजिस्टरे संगणकावर उतरविण्याचे काम हाती घेतले आहे. एकीकडे रजिस्टरांतील विद्यार्थी, दुसरीकडे संघाचे सभासद, तिसरीकडे देणगीदार, अशा तीन याद्या आहेत आणि त्यांतील कोण कोण एकच, हे ठरवावयाचे आहे. यंत्र हे काम एका रात्रीत करील आणि दुबार नोंदी काढून टाकील, असे सुचविले गेले. सल्ल्यासाठी कागद माझ्याकडे आले तेव्हा मला हसू आले, कारण दोन ठिकाणी आलेले एक नाव म्हणजे एकच माणूस की दोन, या प्रश्नावर आमच्या प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी शंभरावर वर्षे वाद घातला आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या बडोद्याचा राजवाडाच पुरेसा आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. दत्तविधानाने त्याचे नाव बदलले आणि पित्याचे नावही बदलले, कारण धर्माने व कायद्याने तो आता खंडेरावांचा पुत्र. एका वहीत 'गोपाळ काशीराव' आणि दुसरीत 'सयाजीराव खंडेराव' अशा दोन नोंदी यंत्रापुढे ठेवल्या तर नाव जुळत नाही, वडील जुळत नाहीत, गाव जुळत नाही. जुळते ते केवळ आडनाव, आणि गायकवाड या आडनावाची माणसे काय थोडी आहेत? यंत्र म्हणेल, ही दोन माणसे. ते चुकेल, आणि तरीही दोन्ही नोंदींतील प्रत्येक अक्षर खरे असेल.

आता त्याच वाड्याची दुसरी बाजू पाहा. महाराजांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या. माहेरचे नाव लक्ष्मीबाई, सासरचे चिमणाबाई. १८८५ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी महाराजांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी झाला, आणि त्यांचेही सासरचे नाव ठेवले गेले चिमणाबाई. नाव तेच, पतीचे नाव तेच, आडनाव तेच, राहण्याचे ठिकाण तेच. येथे यंत्र छातीठोकपणे सांगेल की ही एकच बाई, दुबार नोंद, एक काढून टाका. मग रावपुऱ्यातील टॉवर, जो १८९६ मध्ये पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभा राहिला, त्या टॉवरखालची बाई १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिते आणि १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषविते! मृत्यूचा रकाना कोरा असला तर यंत्राला यात काहीच वावगे दिसणार नाही.

एकाच घरात, दहा वर्षांच्या अवधीत, दोन्ही प्रकार घडले. एका माणसाची दोन माणसे होणे याला मी हुकलेला जोड म्हणेन, आणि दोन माणसांचे एक होणे याला चुकीचा जोड. व्यवहारात या दोन्हींना सरसकट 'चूक' म्हटले जाते. माझ्या मते त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. जोड हुकला तर दोन नोंदी वेगळ्या राहतात. गैरसोय होते, पत्र दोनदा जाते, परंतु दोन्ही नोंदी शाबूत असतात आणि पुरावा मिळताच उद्या त्या जोडता येतात. चुकीचा जोड करून एक नोंद पुसली तर पुरावाच नाहीसा होतो. मग कोणत्या गोष्टी मूळच्या कोणाच्या, हे सांगण्यास काहीच उरत नाही.

मराठी वाङ्मयात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नामदेवांची गाथा. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकांतले. त्यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचा कवी झाला. तो महाभारत रचणारा. दोघांची नाममुद्रा 'नामा'. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही आपल्या परंपरेने नोंदीला दिलेली ओळखखूण होय. परंतु ती एकमेवाद्वितीय राहील अशी व्यवस्था कोणी केली नव्हती, आणि करणार तरी कोण? पुढे लेखनिकांनी 'नामा' दिसला की तो पंढरपूरच्या नामदेवांचाच, असे मानून सारे एका वहीत उतरविले. मुद्रित गाथांनी तीच परंपरा चालविली. आता भाषेचे वळण, छंद, आख्यानांची निवड पाहून अभ्यासक ती गाठ सोडवू पाहतात. काही अभंगांपुरती ती सुटते, काहींपुरती कधीच सुटणार नाही. ज्या थोड्या रचनांविषयी भक्कम वेगळा पुरावा आहे, त्या दूर पंजाबात राहिल्या. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. ही नोंद दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या हातांनी आणि दुसऱ्या प्रांतात जपली गेल्याने इकडच्या वह्यांतील मिसळीपासून अलिप्त राहिली. स्वतंत्र साक्षीदाराचे मोल हे असे असते.

उलट टोकाचा वादही आपल्याकडे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या टोपणनावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी असे मांडले की, भावार्थदीपिका लिहिणारे ज्ञानदेव निराळे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव निराळे. त्यांचा निष्कर्ष विद्वानांनी मान्य केला नाही आणि मलाही तो मान्य नाही. पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न रास्त होता. ग्रंथातील नाममुद्रा आणि अभंगांतील 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा वेगळ्या असताना तुम्ही त्या कोणत्या आधाराने जोडता, ते सांगा, एवढेच त्यांचे मागणे होते. जोड गृहीत धरू नये, सिद्ध करावा. आश्चर्य असे, की 'भारद्वाज' कोण, हेही वाचकाला वेगळे कळावे लागते.

टोपणनावांचा विषय निघालाच आहे तर ग्रंथालयांचा त्रास सांगतो. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. तीन पत्रे, एक लेखक. बडोद्यातच १८९४ साली जन्मलेले माधव जूलियन घ्या. कविता या नावाने, आणि फारशी-मराठी कोश मात्र माधव त्रिंबक पटवर्धन या नावाने. त्यात कोणी 'त्रिंबक' लिहितो, कोणी 'त्र्यंबक', कोणी 'जूलियन', कोणी 'ज्यूलियन'. चांगला ग्रंथपाल यांतले एकही रूप खोडत नाही. तो एक अधिकृत शीर्षक ठरवितो आणि बाकीच्या प्रत्येक रूपाचे 'पाहा' पत्र करून ठेवतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे छापले आहे ते तसेच राहते. लेखक एकच, हे विधान वेगळ्या पत्रावर लिहिले जाते.

आता यंत्राकडे वळू. संगणकावरील माहितीचे साठे आज ज्या पद्धतीने रचले जातात, तिची मांडणी १९७० साली आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी एका शोधनिबंधात केली. माहिती कोष्टकांत ठेवावी, आणि दोन कोष्टकांतील संबंध जागेने किंवा सुईदोऱ्याने न दाखविता त्या त्या नोंदीतील मूल्यानेच दाखवावा, असा तिचा गाभा. प्रत्येक ओळीला अशी एक किल्ली हवी की जी कोष्टकात दुसऱ्या कोणाला नसेल आणि कधी कोरी नसेल. शाळेच्या वाचनालयाची देवघेव-वही आठवा. तीत सभासदाचे सारे चरित्र नसते, फक्त सभासद क्रमांक असतो. तो क्रमांक ही उसनी किल्ली. कोणी सभासदाचे मूळ पत्रच फाडून टाकले तर देवघेव-वहीतील ओळ पोरकी होते; पुस्तक बाहेर आहे, पण कोणाकडे ते कळत नाही. नीट रचलेला साठा अशी पोरकी ओळ होऊच देत नाही. ज्याच्या नावावर पुस्तके आहेत त्याचे पत्र काढण्यास तो साफ नकार देतो. हा नकार म्हणजे यंत्राचा हट्ट नव्हे. माहितीची अखंडता ती हीच.

परंतु किल्ली ही एका साठ्याच्या आतली गोष्ट. आपल्या तीन याद्यांना सामाईक किल्ली नाही. सभासद होताना कोणी आपला जी. आर. नंबर लिहिला नाही, आणि तो कोणाला पाठही नसतो. शिवाय आपल्या शाळेत नवे रजिस्टर उघडले की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झालेला आहे. म्हणून '३१२' ही किल्ली नव्हे. 'रजिस्टर दुसरे, क्रमांक ३१२' ही किल्ली होय. सामाईक किल्ली नसताना केवळ नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख यांवरून जोड लावणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. अमेरिकेतील जन्ममृत्यूच्या नोंदींचे प्रमुख हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली त्याला नाव दिले. माणसाच्या आयुष्याची एक पोथी असते, जन्माची नोंद तिचे पहिले पान आणि मृत्यूची शेवटचे. ही सुटी पाने एकत्र बांधणे म्हणजे नोंदींची जुळणी, अशी त्यांची कल्पना. पोथीची उपमा त्यांना कोठून सुचली ठाऊक नाही, पण आमच्यासारख्यांना ती लगेच पटते.

१९५९ साली कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाहांच्या नोंदी व मुलांच्या जन्मनोंदी यंत्राकडून जुळवून घेतल्या. १९६९ साली तेथलेच फेलेगी आणि सन्टर यांनी त्यामागचे गणित मांडले. त्यातला विचार सोपा आहे. दोन नोंदी एकाच माणसाच्या असत्या तर हा रकाना किती वेळा जुळला असता, आणि भिन्न माणसांच्या असत्या तर निव्वळ योगायोगाने किती वेळा जुळला असता? या दोहोंच्या गुणोत्तरावरून त्या रकान्याला वजन द्यायचे, मग सर्व वजनांची बेरीज. दोन नोंदींत 'जोशी' जुळले याला वजन थोडे, कारण जोशी पुष्कळ. एखादे विरळ आडनाव जुळले तर वजन अधिक.

आपल्याकडे जन्मतारखेचेही तसेच. जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख ज्यांची आहे अशा मुलांची संख्या पाहिली तर आपल्या समाजात त्या दिवशी काही विशेष ग्रहयोग असावा असे वाटेल. वस्तुतः पालकांना तारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना जूनची पहिली तारीख टाकली जाई. अशा दोन नोंदींत १ जून जुळला तर जुळल्याचा आनंद मानण्याचे कारण नाही. तिथीवरून तारीख काढली असेल तर आणखी सावध राहावे. गुजरातचे विक्रम संवत कार्तिकात बदलते, आपले शालिवाहन शक चैत्रात. इंदूर-ग्वाल्हेरकडे स्थानिक पंचांगात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचे नाव असते. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. तिकडून बदलून आलेल्या कुटुंबाच्या मुलाचा जन्म कागदोपत्री एक महिना सहज सरकतो.

नावांची तर गंमतच आहे. बडोद्यातला मराठी माणूस घरी वसंत, मराठी पत्रात वसंतराव, गुजराती कचेरीत वसंतभाई. गुजराती यादीत जोशीचा जोषी होतो. इंग्रजीतून परत आणले तर काणे आणि काने एक होतात. मोडी कागदांत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो, आणि १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या देवनागरी वह्यांत 'नांव' या मथळ्यावरच अनुस्वार आहे. हे भेद डोळ्यांना तरी दिसतात. न दिसणारे भेदही आहेत. आपले राजकवी चंद्रशेखर यांचे आडनाव गोऱ्हे. यातला अर्धा र संगणकावर दोन निराळ्या संकेतमालांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात; यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणून तुलनेपूर्वी सर्व रूपे एका वळणावर आणावी लागतात. ती आणावीत, परंतु वेगळ्या रकान्यात. मूळ रकाना जसा होता तसाच राहिला पाहिजे.

उच्चारावरून नावे जुळविण्याची एक जुनी अमेरिकन युक्ती आहे, साउंडेक्स. पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचे पेटंट घेतले. आडनावाचे पहिले रोमन अक्षर ठेवायचे आणि पुढच्या व्यंजनांना अंक द्यायचे. मी ती आपल्या आडनावांवर हातानेच चालवून पाहिली. जोशी यांना मिळाले जे-२००, आणि जोग यांनाही जे-२००! म्हणजे तिच्या मते हे दोघे एक. उलट वाघ यांनी इंग्रजीत आरंभी डब्ल्यू लिहिला आणि त्यांच्या सख्ख्या भावाने व्ही लिहिला, तर ते दोघे परके. ज्या भाषेच्या कानाने युक्ती बनली, त्या भाषेबाहेर ती बहिरी ठरते.

फेलेगी-सन्टर यांच्या मांडणीतली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट निराळीच आहे. वजनांची बेरीज फार मोठी असेल तर जोड माना, फार लहान असेल तर नाकारा. परंतु या दोन रेषांच्या मध्ये जे येईल ते संशयित म्हणून बाजूला ठेवा आणि माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. गणित्यांनी यंत्राच्या हाती 'मला कळत नाही' असे म्हणण्याची सोय दिली. ती सोय काढून टाकण्याचा मोह कार्यालयांना फार होतो, कारण संशयिताचा ढीग पाहण्यास माणूस लागतो, आणि माणसाला वेतन लागते. एका कार्यालयाने माझ्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवरील 'राव' आणि ओळखपत्रावर नसलेला 'राव' यांवरून मी हयात असल्याचा दाखला परत पाठविला होता. मी समोर उभा होतो.

हे सारे विनोदाने सांगता येते, कारण पुरुषांचे प्रश्न बहुधा 'राव'पाशी मिटतात. स्त्रियांचे तसे नाही. आपल्या घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत होती. शाळेतली कुसुम सासरी सुनंदा होई. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव आले, आडनाव बदलले. चार रकान्यांपैकी तीन गेले. उरली जन्मतारीख, आणि ती कदाचित १ जून.

याहून खोल अडचण आहे ती यंत्राच्या पूर्वतयारीत. समजा एका यादीत वीस हजार नोंदी आहेत आणि दुसरीत पाच हजार. प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना म्हणजे दहा कोटी जोड्या. म्हणून आधी कप्पे पाडतात आणि एका कप्प्यातल्या नोंदींचीच आपसांत तुलना करतात. कप्पे आडनावावरून पाडणे सर्वांत सोयीचे. पण तसे केले की लग्नानंतर आडनाव बदललेली एकही विद्यार्थिनी तिच्या शाळेतल्या नोंदीसमोर उभीच केली जात नाही. यंत्र तिला नाकारीत नाही. तिच्याविषयी प्रश्नच विचारीत नाही. मग अहवालात येते की माजी विद्यार्थ्यांपैकी इतके 'सापडले', आणि सापडलेले बहुतेक पुरुष निघतात. पाहणाऱ्याला वाटते, शाळेत मुली कमीच असाव्यात, किंवा त्यांना शाळेची आस्था नसावी. संघाच्या पहिल्या कच्च्या यादीवर मी जे शेरे मारले त्यांत हा पहिला होता. कप्पे जन्मवर्षावरून पाडावेत, आणि दुसऱ्या फेरीत शाळा सोडल्याच्या वर्षावरून.

ही बाब केवळ स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणापुरती राहिलेली नाही. २०२५ च्या उत्तरार्धात गुजरातेतही मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा आपले किंवा आईवडिलांचे नाव जुन्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीत शोधावे लागले. दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेल्या वयस्क स्त्रीला माहेरच्या यादीपर्यंत जावे लागते, आणि माहेर व सासर यांमधला कागद बहुतेकदा एकच असतो, शाळा सोडल्याचा दाखला. तो ज्या रजिस्टरावरून निघतो ते हे.

मुलांच्या बाबतीतही तेच. 'अपार' हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळखक्रमांक मिळण्यासाठी शाळेतील नाव व आधारवरील नाव जुळावे लागते. जुळले नाही की मुख्याध्यापकांवर दडपण येते : आपल्या रजिस्टरातच बदल करून टाका, म्हणजे प्रश्न मिटेल. आधारच्या क्रमांकाविषयी माझा आक्षेप नाही. तो चांगला रचला आहे. त्याचा शेवटचा अंक व्हरहॉफ या डच गणितज्ञाच्या रीतीने काढलेला पडताळा-अंक असतो, आणि एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो ते पकडतो. परंतु क्रमांक बरोबर लिहिला आहे की नाही, एवढेच तो सांगू शकतो. बरोबर क्रमांक चुकीच्या मुलापुढे लिहिला तर तो अंक मुकाट राहील. आणि नाव जुळावे म्हणून जुने रजिस्टर बदलले तर जुळणी झाली असे होत नाही. एका साक्षीदाराला दुसऱ्याचे शब्द पढविले, एवढेच होते.

येथे आमच्या पाठचिकित्सेची शिस्त यंत्राच्या उपयोगी पडावी. आपल्या शहरातील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली. तिचे एखादे पान उघडून पाहा. वर संपादकांनी निश्चित केलेला पाठ. खाली बारीक टाइपात हस्तलिखितांच्या सांकेतिक अक्षरांसह प्रत्येकाचा वेगळा पाठ. संपादकांनी निर्णय घेतला आहे, पण ज्यावर घेतला तो पुरावा वाचकाच्या हाती ठेवला आहे. उद्या कोणाला तो निर्णय चुकीचा वाटला तर त्याच पानावरून तो फिरविता येतो. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, हे मराठीवरचे मोठे ऋण आहे. पूर्ण आदराने एवढेच म्हणेन की, त्यांच्यापुढे कोणते पाठ होते आणि त्यांनी कोणते बाजूला ठेवले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणूनच राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा तिचा पडताळा कशाशी घ्यायचा, हा वाद उभा राहिला.

तेव्हा आपल्या कामापुरते असे ठरले आहे. रजिस्टरांची कोष्टके एकदा तपासून झाली की त्यांत कोणी काही बदलावयाचे नाही. तीच आपली हस्तलिखिते. जोडांचे वेगळे कोष्टक राहील : ही किल्ली आणि ती किल्ली एकाच व्यक्तीच्या, हे कोणी ठरविले, केव्हा, कोणत्या कागदावरून, आणि खात्री किती. जोड चुकला असे दिसले तर ती ओळही पुसावयाची नाही, तिच्यापुढे 'रद्द' लिहून कारण द्यावयाचे. एकत्र केलेल्या व्यक्तीचा सोडून दिलेला सभासद क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणाला द्यावयाचा नाही. तो शोधणाऱ्याला नव्या क्रमांकाकडे पाठवील. आणि जोड लावताना सभासदत्व, देणगी व पत्ता ही तिन्ही कोष्टके एकदम बदलतील, नाहीतर एकही बदलणार नाही. वीज गेली म्हणून देणगी एकाच्या नावावर आणि पावती दुसऱ्याच्या, असे होऊ नये. यात खर्च वाढतो हे खजिनदारांनी माझ्या लक्षात आणून दिले आहे. तो वाढतो.

संशयितांचा ढीग मी मागवून पाहिला. त्यात एकाच इयत्तेतल्या, एकाच आडनावाच्या दोन कुसुम आहेत. दोघींच्या वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर ग, दोघींची जन्मतारीख १ जून, वर्षही तेच. रजिस्टरात त्यांचे क्रमांक मात्र निराळे आहेत, आणि शाळा सोडल्याचे दिवसही निराळे. कच्च्या यादीत त्यांची एकच कुसुम झाली होती. दोघींपैकी एक संघाची सभासद आहे, आज दुसऱ्याच नावाने. ती कोणती, हे कागदांवरून ठरत नाही. त्या वर्गातल्या काही भगिनी आज येथे असाव्यात. सभागृहाच्या दाराशी टेबलावर ही संशयित जोड्यांची यादी ठेवली आहे. प्रत्येक जोडीपुढे मोकळी जागा आहे. आठवत असेल ते लिहावे, खाली आपली सही व तारीख घालावी, आणि ऐकीव असेल तर 'ऐकीव' असेही लिहावे. पहिल्या दोन रजिस्टरांतील शेरे मोडीत आहेत. मोडी सराईतपणे वाचणारी दोन माणसे हवी आहेत. शनिवारी दुपारी वाचनालयाची खोली उघडी असते.